गोळीला झालेला उशीर

लॅरामीत कुणालाही विचारा, लांबून कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला प्राणी, मारायचा तर काडतूस कोणतं घ्यावं. उत्तर तयार असतं. हार्डवेअरच्या दुकानातला पोरगेला विक्रेता २२-२५० म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झालेले शेजारचे आजोबा २४३ विंचेस्टरच्या पलीकडे काही ऐकूनच घेत नाहीत. माझे दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात यंत्र घालून ६ एमएम क्रीडमोरची महती सांगतात, तेव्हा हुंकारापलीकडे मला प्रतिवाद करता येत नाही. देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, या वादात जी ईर्षा असते तीच इथे असते, आणि बहुतेकांची बाजू जन्माआधीच ठरलेली असते. बाप जे काडतूस वापरत होता ते मुलगा वापरतो, किंवा बापाशी पटत नसेल तर मुद्दाम दुसरं.

मी वाऱ्यावर पोट भरणारा माणूस आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला लागलो आणि नोकऱ्या बदलत अमेरिकेत वायोमिंगला येऊन पोचलो. वारा शोधत निघालेल्याने पोचावं असंच हे ठिकाण आहे. गाव सात हजार फुटांच्या वर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून उंच. हिवाळ्यात लॅरामी ते रॉलिन्स या पट्ट्यात महामार्ग वाऱ्यापायी बंद ठेवावा लागतो. रिकामे ट्रक सरळ आडवे होतात. जवळच्या मेडिसिन बो गावात १९८२ साली चार मेगावॉटची एक अवाढव्य पवनचक्की उभी केली होती, त्या काळातली जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक. ती फार काळ टिकली नाही. फूट क्रीक रिमच्या धारेवर मात्र १९९९ पासून पाती फिरताहेत.

आमचे वारा मोजायचे मनोरे ज्याच्या जमिनीवर उभे आहेत, त्या रँचमालकाची मेंढरं आहेत. मे महिन्यात कोकरं जन्मतात. मेंढपाळ पेरूहून, अँडीजच्या डोंगरांतून, शेतमजुरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेले. चाकांवरच्या खोलीत राहतात, कळपासोबत पांढरे ग्रेट पिरनीज कुत्रे फिरत असतात. इतकं करूनही कायोटी कोकरं नेतात. एकदा कुंपणाशी ट्रक थांबवून मालक म्हणाला, "वारा तुला कळतो ना? मग एक चांगली रायफल घे आणि लांबून मार. आता जवळ येत नाहीत ते."

त्याला काय सांगणार! आमच्या धंद्यात वारा दहा मिनिटांच्या सरासरीने नोंदतात. गोळीचा सगळा प्रवास अर्ध्या सेकंदाचा. दहा मिनिटांची सरासरी कितीही अचूक असली तरी त्या अर्ध्या सेकंदात काय चाललं होतं याबद्दल ती अवाक्षर बोलत नाही. शिवाय आमचे मनोरे साठ-ऐंशी मीटरवरचा वारा मोजतात आणि कायोटी सेजब्रशच्या झुडपांत, गुडघ्याइतक्या उंचीवर उभा असतो. जमिनीलगतचा वारा हा वेगळाच प्राणी. ओघळीत शिरला की वळतो, टेकाडाच्या आडोशाला उलटा वाहतो. तरी मी हो म्हणालो. वाऱ्याच्या माणसाला वाऱ्याचं आव्हान नाकारता येत नाही, आणि कोकराची फाडलेली कूस मी पाहिली होती.

कायद्याचा भाग इथे चमत्कारिक आहे. वायोमिंगमध्ये कायोटी 'प्रिडेटरी' वर्गात मोडतो. ससे-हरणांसारखे हंगाम, परवाने, मर्यादा त्याच्या वाट्याला नाहीत. वर्षभर, केव्हाही. गंमत अशी की एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो, अपवाद ज्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल त्याचा. माझे काही सहकारी केवळ बंदूक घेता यावी म्हणून हरणाचा परवाना काढतात आणि ज्याला परवाना लागत नाही त्या जनावरामागे जातात. मला ही कसरत करावी लागली नाही. माझं ग्रीन कार्ड तोवर आलं होतं.

ज्याच्यावर एवढा दारूगोळा खर्च होतो तो प्राणी दहा ते पंधरा किलोंचा. थंडीतल्या दाट केसांमुळे दुप्पट वाटतो आणि नवखा माणूस तिथेच फसतो. पाठीची रेघ आणि पोटाखालची रेघ यांच्यामधलं बरंचसं केस आणि हवा असते. काळीज-फुप्फुसाचा जो भाग लागला तर जनावर जागच्या जागी कोसळतं, तो सहा इंचांच्या वर्तुळात बसतो. काडतुसाची सगळी चर्चा या सहा इंचांभोवती आहे, पण दुकानात ती वेगापासून सुरू होते.

वेग विकण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ मध्ये सॅव्हेज कंपनीने चार्ल्स न्यूटन या काडतुसांच्या रचनाकाराचं एक पाव इंची काडतूस बाजारात आणलं. न्यूटनला त्यात शंभर ग्रेनची गोळी हवी होती. कंपनीला सेकंदाला तीन हजार फूट हा आकडा जाहिरातीत हवा होता, म्हणून गोळी हलकी करून ८७ ग्रेनवर आणली आणि काडतुसाचं नावच २५०-३००० ठेवलं. जड गोळी जनावराच्या दृष्टीने बरी की हलकी, हा प्रश्न मागे पडला आणि छापील आकडा जिंकला. पुढे हौशी लोकांनी याच काडतुसाची मान आवळून तीत पॉइंट टू-टूची गोळी बसवली. घराघरांतल्या कार्यशाळांत ती तीसेक वर्षं नांदली आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने तिला अधिकृत केलं. तेच आजचं २२-२५०. त्याआधी १९३५ मध्ये विंचेस्टरचं २२० स्विफ्ट येऊन गेलं होतं, चार हजार फुटांचा टप्पा ओलांडणारं. नळ्या खाणारं म्हणून त्याची बदनामीही तितकीच झाली. २००४ मध्ये २०४ रुगर आलं, ३२ ग्रेनची इवलीशी गोळी आणि सव्वाचार हजारांच्या आसपास वेग.

ग्रेन हे माप मराठी वाचकाला परकं वाटेल. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. ५५ ग्रेनची गोळी म्हणजे साडेतीन ग्रॅम. या वजनाच्या कणाकडून आपण तीन-चारशे मीटरवर न्याय करवून घेऊ पाहतो.

वेगाचा फायदा खोटा नाही. वेगवान गोळी सपाट जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खाली-वर फार होत नाही. पण हा फायदा बराचसा जुन्या काळचा. आता लेझरचा अंतरमापक खिशात मावतो, गोळी किती खाली येणार हे फोन सांगतो आणि दुर्बिणीची चकती तितकी फिरवली की भागतं. गुरुत्वाकर्षण कधी थांबत नाही, झोत मारत नाही, दिशा बदलत नाही. त्याचं गणित एकदाच करायचं. वाऱ्याचं प्रत्येक बाराला नव्याने.

वाऱ्याचं एक जुनं सूत्र आहे आणि ते मला अजून आवडतं. आडव्या वाऱ्यात गोळी किती सरकेल? सहज वाटतं, ती जितका वेळ हवेत असेल त्या प्रमाणात. प्रत्यक्षात हवाच नसती तर तिला तेवढ्या अंतराला किती वेळ लागला असता, तो आधी काढायचा. मग खरोखर लागलेल्या वेळातून तो वजा करायचा. उरतो तो गोळीला झालेला उशीर. त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की सरकणं आलं. म्हणजे गोळी किती वेळ उडाली याची वारा विचारपूसही करत नाही; ती किती रेंगाळली एवढंच तो पाहतो.

आता चारशे यार्ड धरू, म्हणजे ३६५ मीटर, आणि ताशी दहा मैलांचा पूर्ण आडवा वारा. इथे त्याला वारा म्हणत नाहीत, पण धरू. २२३ रेमिंग्टनमधून ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३२४० फुटांनी निघते. निर्वात पोकळीत ती ०.३७ सेकंदात पोचती. पोचते सुमारे ०.४९ मध्ये. उशीर सेकंदाच्या आठव्या हिश्शाहून कमी, आणि त्यात ती वीस इंच सरकते. तीच गोळी २२-२५० मधून ३६८० ने सोडली, जवळपास साडेचारशे फूट जास्त वेगाने, दीडपट दारू जाळून, तर सतरा इंच. मिळकत तीन इंचांची. आणि २४३ मधून ८७ ग्रेनची लांब, निमुळत्या टोकाची गोळी जवळजवळ २२३ च्याच वेगाने सोडली तर बारा इंच. हे समुद्रसपाटीच्या हवेतले आकडे. आमच्या विरळ हवेत सगळेच सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात, पण एकमेकांशी नातं तेच राहतं. वेगाने जे साधलं नाही ते आकाराने साधलं. गोळी जोरात ढकलण्यापेक्षा तिने हवेत अडखळू नये हे बघणं जास्त फळलं.

हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी खूश झालो होतो. इंजिनिअरला असं उत्तर फार भावतं. पण मग चूक किती होईल तेही मांडलं, आणि खरी गोष्ट तिथे होती. वारा दहाऐवजी तेरा मैलांचा निघाला, एवढीच चूक. चारशे यार्डांवर वाऱ्यात तीन मैलांची चूक अनुभवी माणसाकडूनही होते. मी तर पवनमापक हातात धरून ती करतो, कारण यंत्र माझ्या हातातला वारा मोजतं आणि गोळी मधल्या खोऱ्यातल्या वाऱ्यातून जाते. २२३ या चुकीपायी सहा इंच बाजूला जाते. काळजाचा नेम धरला होता, गोळी पोटात. २४३ साडेतीन इंच जाते, म्हणजे काठावर. काडतूस बदलून वाऱ्याचं ज्ञान कणभर वाढत नाही, फक्त अज्ञान स्वस्त होतं.

आणि स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो. माझ्या पाहण्यातला प्रत्येक जण, चांगलं काडतूस हाती आलं की, पूर्वीच्याच अंतरावर जास्त खात्रीने मारण्याऐवजी अंतर वाढवतो. २२३ वाल्याची मजल तीनशेची असते. २४३ घेतली की तो पाचशेच्या गोष्टी करू लागतो. सहाशे यार्डांवर तीच २४३ तीन मैलांच्या चुकीत आठ इंचांहून जास्त सरकते, म्हणजे चारशेवरच्या २२३ पेक्षा वाईट. सुधारणेचा सगळा नफा अंतरात खर्च होतो आणि जनावराच्या वाट्याला पहिल्याइतकीच अनिश्चितता येते, कधी थोडी अधिकच. दुकानदार याला 'कॅपेबिलिटी' म्हणतात. दातांच्या डॉक्टरांशी या मुद्द्यावर वाद घालायचा माझा विचार आहे, फक्त त्या खुर्चीत नव्हे.

लांब गोळीचा आणखी एक हट्ट असतो. तिला पीळ जास्त लागतो. नळीच्या आतले आटे गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यामुळे ती टोक पुढे ठेवून सरळ जाते. गोळी जितकी लांब तितका तिचा गिरक्यांचा हिशोब कडक. वुलिचला शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्येच त्याचा ठोकताळा बांधून दिला होता. तरीही १९५५ मध्ये एक मोठी गफलत झाली आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

त्या एकाच वर्षी दोन कंपन्यांनी सहा मिलिमीटरची दोन काडतुसं आणली. विंचेस्टरची २४३ आणि रेमिंग्टनची २४४. पुंगळी रेमिंग्टनची किंचित मोठी, म्हणजे दारू थोडी जास्त. कागदावर तीच सरस. पण रेमिंग्टनने धरून चाललं की गिऱ्हाईक याने कायोटी आणि प्रेअरी डॉगच मारणार, म्हणून नळीत बारा इंचाला एक गिरकी असा सैल पीळ ठेवला. हलक्या गोळ्यांना तो पुरेसा होता. विंचेस्टरने दहा इंचाला एक ठेवला, त्यामुळे तिच्यातून शंभर ग्रेनची हरणाची गोळीही नीट जाई. सामान्य माणसाला एकच रायफल परवडत होती आणि त्याला तिच्यातून दोन्ही हवं होतं. २४४ पडून राहिली. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस नऊ इंचाच्या पिळासह ६ एमएम रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणलं, पण तोवर लग्न लागून वऱ्हाड घरी गेलं होतं. आज २४३ कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळते आणि दुसरीची काडतुसं शोधावी लागतात. जुन्या २२-२५० चंही हेच दुखणं. चौदा इंचाच्या पिळातून साठ ग्रेनच्या पुढची लांब गोळी धड जात नाही. अलीकडे तीच रायफल आठ इंचाच्या पिळात मिळू लागली आहे आणि २०२४ मध्ये हॉर्नाडीने २२ क्रीडमोर अधिकृतपणे आणून हा सगळा धडा नव्याने विकायला काढला आहे. ऐंशी ग्रेनची ती गोळी चारशे यार्डांवर नऊ-दहा इंचच सरकते. उत्तम काडतूस आहे. मला घ्यायचा मोह झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता बाबांविषयी. मी खडकीचा. तिथली ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, आणि बाबांची सगळी नोकरी तिच्या दारामागे गेली. घरी ते कारखान्याचं अवाक्षर काढत नसत. गुपिताचा कायदा होता आणि त्याहून त्यांचा स्वभाव होता. निवृत्तीनंतर हळूहळू बोलू लागले, तेही फक्त पितळेबद्दल. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. या मिश्रणाची वाटी ओढून ओढून लांब केली की पुंगळी होते. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करायचं. मान शेवटी पुन्हा तापवायची. नाही तापवली तर धातूत ताण कोंडून राहतो.

त्या कोंडलेल्या ताणाची एक जुनी गोष्ट ते रंगवून सांगतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात काडतुसांना आपोआप चिरा जाऊ लागल्या. कुणी वापरलेली नाहीत, आपटलेली नाहीत, पेटीत ठेवल्या ठेवल्या माना फाटलेल्या. हवामानावर खापर फुटलं. खरं कारण इंग्लंडमधल्या धातुशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये उलगडून दाखवलं. काडतुसं तबेल्यांत साठवली होती, घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत मिसळत होता, आणि आधीच ताणलेल्या पितळेला तो फोडत होता. बाबा हे सांगताना 'घोड्याच्या मुताने साम्राज्याची काडतुसं फोडली' या वाक्यावर दरवेळी थांबतात, समोरचा हसेपर्यंत.

मी रायफल घेणार हे त्यांना आवडलं नव्हतं. विरोध अहिंसेचा नव्हता. जन्मभर सैन्याला काडतुसं पुरवलेल्या माणसाला तो तसा मांडता आला नसता. त्यांना खटकली ती गोळी. "आमची आरपार जायची," ते म्हणाले, "तुझी आत फुटते." खरंच होतं ते. कायोटीसाठीच्या गोळीचं कवच मुद्दाम पातळ ठेवतात, टोकाला प्लास्टिकची सुई असते, आणि शरीरात शिरताच ती चुरा होते. फुटणाऱ्या गोळीचं नाव जगाला कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागाराने दिलं, १८९० च्या दशकात, आणि १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने ती युद्धात वापरू नये असं ठरवलं. माणसावर जे वापरणं अमानुष ठरलं, तेच जनावरावर वापरणं दयेचं मानलं जातं. हरणासाठी तर अनेक राज्यांत फुलणारी गोळीच कायद्याने लागते. मी बाबांना समजावलं की आरपार गेलेल्या बारीक गोळीने जनावर तासभर मरतं, आणि सपाट माळावर न फुटलेली गोळी दगडावर आपटून कुठे जाईल याचा नेम नाही. ते म्हणाले, "कारण बरोबर आहे." पटलं असं काही म्हणाले नाहीत.

गोळी फुटण्यावर इथे दुसऱ्या कारणाने वाद चालायचा. कातडं खराब होऊ नये म्हणून. उंची कोटांच्या टोपीला कायोटीची फर लावायची पद्धत होती आणि हिवाळी कातड्याला बरा भाव येई. २०२१ मध्ये कॅनडा गूज या कोटांच्या कंपनीने फर बंद करण्याचं जाहीर केलं आणि बाजार बसला. आता कातड्याला भोक किती मोठं पडलं याची काळजी फारशी कुणी करत नाही. मेलेला कायोटी बहुधा आहे तिथे राहतो, गिधाडांसाठी. हे मला पचत नाही. पण माझ्या पचण्याने मेंढरांचा प्रश्न सुटत नाही.

तो गोळीनेही फारसा सुटत नाही, आणि हे रँचमालकाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. सरकारची वन्यजीव यंत्रणा अलीकडच्या वर्षांत दरसाल साठ हजारांच्या घरात कायोटी मारत आली आहे. त्याआधी विष झालं. निक्सनने १९७२ मध्ये सरकारी जमिनींवर ते थांबवलं, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला त्याच वर्षी. एवढं होऊन एके काळी पश्चिमेच्या माळांपुरता असलेला हा प्राणी आज अलास्कापासून पनामापर्यंत पसरला आहे आणि शिकागोच्या रस्त्यांवर रात्री फिरतो. लांडगे संपवून त्याला मोकळं रान आपणच करून दिलं. कोकरं मुख्यतः पिल्लंवाली जोडी मारते. भुकेली तोंडं घरी असतात म्हणून. युटामध्ये काही जोड्यांची नसबंदी करून सोडलं तेव्हा त्या जोड्यांनी मेंढरांवरचे हल्ले पुष्कळ कमी केले. म्हणजे डिसेंबरात सहाशे यार्डांवरून कुठल्यातरी कायोटीवर गोळी झाडून मे महिन्यातलं कोकरू वाचेलच असं नाही. कळपाभोवती घुटमळणारा विशिष्ट प्राणी मारला तर काही आठवडे वाचतं. सोलापूरकडच्या माळावर काही धनगर लांडग्याने नेलेलं कोकरू त्याच्या वाट्याचं धरून चालतात असं ऐकलं आहे. ते इथल्या मालकाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्यांच्यावर बँकेचं कर्ज नसेल." धनगरांवर सावकाराचं असतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

शिवाय जे खरे कसबी आहेत ते लांबून मारतच नाहीत. सशाच्या केकाटण्याचा आवाज काढून ते कायोटीला शंभर यार्डांवर बोलावतात. आलेला कायोटी सरळ येत नाही. अर्धवर्तुळ घेऊन वाऱ्याखालच्या बाजूला जातो, नाक वर करतो आणि वाऱ्यातून माणूस वाचतो. तो हे कुठल्याही सरासरीशिवाय करतो. मेंढपाळांपैकी एक जण तोंडाने असा आवाज काढतो की आमचे पिरनीज कुत्रेही कावरेबावरे होतात. त्याच्याकडे जुनी, दांड्याला तार गुंडाळलेली २२३ आहे. सरकणं, उशीर, पीळ यांतलं काही त्याच्या वाटेला येत नाही, कारण शंभर यार्डांवर या सगळ्यांची बेरीज इंच-सव्वा इंचाची. मालकाच्या 'जवळ येत नाहीत' या तक्रारीचं उत्तर त्याच्याच पगारपत्रकावर होतं.

एका मार्चमध्ये पहाटे मी माझ्या जागी पालथा पडलो होतो. पलीकडच्या उतारावर कायोटी बसला होता, ४८० यार्ड. हातातला पवनमापक आठ दाखवत होता. दुर्बिणीतून पाहिलं तर माझ्याजवळचं गवत पूर्वेकडे झुकलेलं, मधल्या ओघळीतलं बर्फ पश्चिमेकडे उडत होतं, आणि कायोटीच्या मानेवरचे केस हलतच नव्हते. तीन वारे, आणि एका गोळीला तिन्हींतून जायचं. मी पुरेसा वेळ पाहत राहिलो. मग तो उठून चालता झाला. मला दुःख वगैरे झालं नाही. उलट पुढच्या आठवड्यात मी ओघळीच्या काठावर दोन छोटे पवनमापक बसवले. त्यांनी मला एवढंच दाखवलं की त्या ओघळीत वारा दर काही सेकंदांनी बाजू बदलतो. मनोऱ्याच्या नोंदीत त्या पहाटेचा वारा मात्र अगदी सभ्य, नैर्ऋत्येचा.

शेवटी मी जुनी २४३ घेतली, दहा इंचाच्या पिळाची, शेजारच्या आजोबांच्या ओळखीतून. ८७ ग्रेनची गोळी तिच्यातून छान जाते. धक्का बेताचा, त्यामुळे बार झाल्यावरही जनावर दुर्बिणीतून सुटत नाही आणि काय झालं ते दिसतं. हे मला वेगापेक्षा मोलाचं वाटतं. नळी सावकाश झिजते. बर्फात अडकलो तर वाटेतल्या कुठल्याही गावात काडतूस मिळतं. स्वतःपुरतं अंतर मी तीनशे यार्ड धरलं आहे, आणि वारा पंधरा मैलांच्या वर असेल तर दोनशे. वायोमिंगमध्ये याचा अर्थ पुष्कळ दिवस रायफल पेटीतच राहते. आजोबांना आनंद झाला. दातांचे डॉक्टर अजून माझ्यावर नाराज आहेत; बोटांनी जरा जास्त जोर लावतात असा मला संशय आहे.

मालकाला मी दुसरीच मसलत दिली: त्या मेंढपाळाला चांगली दुर्बीण आणि कोकरांच्या दिवसांत जास्तीचा पगार. दुर्बीण त्याने दिली. पगाराचं अजून बघतो आहे.

बाबा व्हिडिओ कॉलवर रिकामी पुंगळी कॅमेऱ्यासमोर धरायला लावतात. मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसला की मान तापवलेली आहे अशी त्यांची खात्री पटते. परवा विचारलं, काडतुसं ठेवतोस कुठे? म्हटलं, माझी घरी, पण मालकाची पेटी मेंढरांच्या गोठ्यातल्या फळीवर असते. ते खुर्चीतून उठलेच. "आत्ताच्या आत्ता हलवायला सांग त्याला! मुताचा वास येतो ना तिथे?" मी मालकाला फोन लावला आणि खडकीच्या एका निवृत्त सुपरवायझरचा आदेश कळवला. त्याने कारण विचारलं, मी घोड्यांची गोष्ट सांगितली. पेटी आता त्याच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी आहे, आणि त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.